भट्टीची लोकर

नवऱ्याचा डावा पाय गार पडायला लागला, तेव्हा मी आधी त्याच्यावरच चिडले. अंथरुणात शिरला की विल्फ तो पाय मुद्दाम माझ्या पोटरीला लावायचा. मी किंचाळायचे, तो हसायचा. लग्नापासूनचा खेळ होता हा. पण त्या हिवाळ्यात पाय काही केल्या गरमच होईना. लोकरीचे मोजे घाला, गरम पाण्याची पिशवी द्या, पाऊल आपलं कच्च्या मातीच्या गोळ्यासारखं थंड आणि जड. मग अंगठा निळा दिसायला लागला आणि आमची दोघांची हसायची हौस फिटली.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण वयाने आमच्या लेकीपेक्षाही लहान होती, पण बोलायला खमकी. तिने पायाची नाडी शोधली, बराच वेळ शोधली, आणि खुर्ची ओढून आमच्या समोर बसली.

"मिस्टर मेचिन, मांडीपासून खालची रक्तवाहिनी तुंबली आहे. तिला वळसा घालून नवी वाट काढून देता येईल. पण तुम्ही सिगरेट ओढत राहिलात तर ती नवी वाटही बुजणार. म्हणून सांगते, सिगरेट सुटली नाही तर मी सुरीला हात लावणार नाही."

"आणि नाहीच सुटली तर?" विल्फने विचारलं.

"तर कुणीतरी दुसरा डॉक्टर सुरीला हात लावेल, पण गुडघ्याखाली."

ऑपरेशन ईस्टरनंतर ठरलं. त्या दिवशी सकाळी विल्फने एका यंत्रात फुंकर मारायची होती. श्वासात सिगरेटचा धूर असेल तर यंत्र आकडा दाखवतं, आणि आकडा वर गेला की टेबलावर चढायचं नाही, घरी जायचं. म्हणजे सोंगाढोंगाला जागाच नव्हती.

विल्फ पंधराव्या वर्षी कारखान्यात लागला आणि त्याच आठवड्यात सिगरेटला लागला. इंग्लंडातल्या आमच्या लाँग्टनमध्ये तेव्हा जिकडे पाहावं तिकडे मातीच्या भांड्यांचे कारखाने. तो भट्टीत कप-बशा रचायचा, मी कच्च्या कपांच्या कडा ओल्या स्पंजने पुसायचे. दोघांच्याही हातांना त्यानंतर दुसरं काही नीट जमलं नाही. सिगरेट सोडायला त्याने काय नाही केलं! दंडाला पट्ट्या लावल्या, च्युइंगम चघळलं, पेपरमिंट खाऊन खाऊन कवळी सैल केली. आणि मग मी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले की कोळशाच्या खोलीमागून धुराची रेघ दिसायची.

"विल्फ!"

"गोगलगाय बघत होतो गं."

"गोगलगाय धूर सोडते का?"

कळतं पण वळत नाही, दुसरं काय.

गेनर, आमची एकुलती एक लेक, बर्मिंगहॅमला असते. तिने इंटरनेटवरून ती विजेची सिगरेट मागवली. २००९ साल, तेव्हा ही वस्तू आमच्या गावात कुणी पाहिली नव्हती. दिसायला सिगरेटच. टोकाला लाल दिवा, मधे बॅटरी, मग एक तापणारी तार, आणि तोंडाकडे एक टोपण. त्या टोपणाला कार्ट्रिज म्हणायचं. त्यात बोटाच्या पेराएवढा कापूस आणि कापसात निकोटिनचा रस. ओढलं की तार तापते, रसाची वाफ होते, आणि माणसाला वाटतं आपण ओढली. धूर नाही, म्हणजे फुंकरीच्या यंत्राला काही कळायचं नाही.

विल्फने पहिला झुरका घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की गेनरने माझा हात दाबला. मी मनात म्हटलं, वाचला पाय.

पण त्या कार्ट्रिजमध्येच सगळं घोडं अडायचं. चार झुरके झाले की कापूस तारेजवळ सुकायचा आणि जळायचा. जळका मोजा तोंडात धरल्यासारखी चव, असं विल्फ म्हणायचा. रस जास्त भरला तर उलट गळायचा, जिभेवर मिरचीसारखा झोंबायचा. मग तो ती नळी टेबलावर आपटायचा आणि हात नकळत कोटाच्या खिशाकडे जायचा. त्या खिशात काय आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

इथे आला हेडली ब्लूर. हेडली विल्फच्या बरोबरीचा, भट्टीवरचाच. बायको गेल्यापासून घरभर माशांच्या काचपेट्या मांडून बसलेला. त्यालाही छातीमुळे सिगरेट सोडायची होती, म्हणून त्यानेही तीच नळी मागवली. त्याचं बघून क्लबातल्या आणखी पाचसहा जणांनी. कामगार क्लबात सिगरेटबंदी येऊन दीडेक वर्ष झालं होतं. ही माणसं पावसात दाराबाहेर उभी राहून ओढायची. आता आत, डॉमिनोच्या टेबलाशी बसून वाफा सोडता येतात म्हटल्यावर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला.

आणि आमची कारखान्याची माणसं. वस्तू मिळाली तशी वापरतील तर शपथ. डॉमिनो बाजूला पडले. टेबलावर टाचण्या, कात्र्या, सुया. हेडली रात्रंदिवस इंटरनेटवर वाचायचा आणि येऊन सांगायचा, अमेरिकेत म्हणे लोक टोपणातला कापूस काढून फेकतात आणि दुसरं काहीतरी भरतात. झालं. माझा भुवयांचा चिमटा नाहीसा झाला. मग क्रोशाची सुई. एक दिवस स्वयंपाकघरात येते तर वाडग्यात चहाच्या पत्तीचा ढीग, आणि पिशव्या एकीकडे रिकाम्या, कात्रीने उघडलेल्या.

"हे काय आहे?"

"चहा," विल्फ म्हणाला.

"ते दिसतंय मला. पिशवीतला चहा पिशवीबाहेर कसा आला?"

"अगं, पिशवीचा कागद हवा होता. ओला राहतो, फाटत नाही. त्याची गुंडाळी करून टोपणात भरायची. हेडली म्हणाला."

"आणि चहा आता मी कशात करू? हेडलीच्या टोपीत?"

"गाळणं आहे की. तुझ्या आईकडे होतं तसं."

पहिल्या दिवशी त्याने कागद उकळून न घेताच भरला आणि झुरक्यागणिक कडू चहाची वाफ प्यायला. मग आमच्या दुधाच्या पातेल्यात चहाचे कागद उकळायला लागले. कागद चालायचा बरा, पण थोडा वेळच. मग तोही करपायचा. त्यानंतर निळा स्पंज निघाला, माशांच्या पेटीत पाणी गाळायला लावतात तो. आता नवा स्पंज आणावा की नाही? पण हेडलीची मूठ घट्ट. त्याने पेटीतलाच वापरलेला कापून, धुऊन दिला. विल्फने एक झुरका घेतला आणि खिडकी उघडून थुंकला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"तळ्यात तोंड घातल्यासारखं वाटतंय."

मी हसले खरी, पण हसताना त्याच्या पायाकडे बघत होते. अंगठ्याचा निळा रंग वर चढत होता. कोटाच्या खिशातलं सिगरेटचं पाकीट बदललेलं होतं, म्हणजे जुनं संपून नवं आलं होतं.

ही सगळी खटपट विल्फ खिडकीजवळच्या खुर्चीत बसून करायचा, कारण तिथे उजेड चांगला. ती खुर्ची त्याच्या वडिलांची, ईलायची. उंच पाठीची, लाकडी हातांची. ईलाय चाकावर बशा करायचा. शेवटची दोन वर्षं तो त्या खुर्चीतच झोपला, बसून. आडवा झाला की श्वास कोंडायचा. आमच्याकडे त्याला कुंभारदमा म्हणतात. मातीची धूळ फुप्फुसात जाते आणि तिथेच घर करते. मी नवी सून होते. रात्री पाणी प्यायला उठले की अंधारात त्याचा श्वास ऐकू यायचा, किल्ली गंजल्या कुलपात फिरवावी तसा. ईलाय गेला, खुर्ची राहिली. लाकूड चांगलं होतं म्हणून राहिली, बाकी त्यात भावना वगैरे काही नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी विल्फ शेडमधून आला तो शीळ वाजवत. हातात बिस्किटांचा जुना डबा. खुर्चीत बसला, बराच वेळ माझ्याकडे पाठ करून काहीतरी केलं, आणि मग झुरका घेतला. दुसरा घेतला. मी कांदे चिरत होते. तिसरा, चौथा, दहावा. एकदाही त्याने तोंड वाकडं केलं नाही.

"एनिड," तो म्हणाला, "चव बदलतच नाही गं."

"काय घातलंस त्यात?"

"गुपित आहे," म्हणाला आणि पोरासारखा हसला.

तो शनिवार मला आयुष्यभर आठवेल. क्लबात बिंगो संपला होता. विल्फने टेबलाभोवती सगळ्यांना गोळा केलं. आधी चहाच्या कागदाची गुंडाळी चिमट्यात, माझ्याच चिमट्यात, धरून लायटरवर नेली. भप्पकन जळाली. मग हेडलीचा निळा स्पंज. तो वितळून टेबलावर ठिपकला, घाण वास सुटला, बारवाली ओरडली. मग विल्फने डब्यातून पांढऱ्या लोकरीची चिमूट काढली आणि ज्योतीत धरली. ती लाल झाली. ज्योत काढली, पुन्हा पांढरीशुभ्र. पुन्हा धरली, पुन्हा लाल. काढली, पांढरी.

"सगळं जळतं," विल्फ म्हणाला, "कारण सगळ्यांनी जळणाऱ्या वस्तू घेतल्या. आता मला सांगा, आगीत न जळणारी गोष्ट आपल्या गावाइतकी कुणाला माहीत आहे?"

"भट्टीची लोकर!" हेडली ओरडला. "अरे गाढवा, भट्टीची लोकर!"

ही लोकर मेंढीची नव्हे, भाजक्या मातीच्या धाग्यांची. नव्या भट्ट्या आल्या तेव्हा आतून विटांऐवजी हिचे पांघरुणासारखे थर लावले होते. विल्फच्या पाळीनेच लावले. उरलेला एक तुकडा त्याने आणून शेडमध्ये ठेवला होता, पाण्याच्या नळाला गुंडाळायला. सगळा क्लब टाळ्या वाजवायला लागला. कारखाने बंद पडल्यापासून त्या माणसांनी असं कौतुक कुणाचं केलं नव्हतं, आणि त्यांचंही कुणी केलं नव्हतं. विल्फ लाजला, कानापर्यंत लाल झाला. मीही टाळ्या वाजवल्या. माझा नवरा त्या दिवशी मला फार आवडला.

डब्यातली लोकर त्याने चिमूट चिमूट सगळ्यांना वाटली. आणि खरं सांगते, त्यानंतर कोटाच्या खिशातलं पाकीट तसंच राहिलं. मी दर दोन दिवसांनी बघायचे. मग एक दिवस ते कचऱ्याच्या डब्यात दिसलं, आत सिगरेटी तशाच. औषधांच्या दुकानातल्या नर्सने त्याच्याकडून यंत्रात फुंकर मारून घेतली. आकडा इतका खाली की तिने यंत्र हलवून पुन्हा बघितलं. त्या रात्री तो म्हणाला, "पाय राहणार बहुतेक, म्हातारे." मी तोंड फिरवून रडले.

ईस्टर तोंडावर आला होता. मी खिडकीजवळचं टेबल पुसायला घेतलं. आमच्याकडे कोरडं झाडत नाहीत. आईने हातावर फटके मारून शिकवलं होतं, आधी ओलं कर, मग पूस, धूळ उठता कामा नये. मातीच्या गावातली कुठलीही बाई तुम्हाला हेच सांगेल. तर मी ओला स्पंज फिरवला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला खाज सुटली.

आधी लक्ष दिलं नाही. मग हात धुतला, तरी खाज जाईना. चिमटे काढल्यासारखी, खोल. आणि मला ती खाज ओळखू आली. नव्या भट्ट्या लावल्या तेव्हा विल्फ घरी आला होता तो कोपरापर्यंत लाल रेघोट्या घेऊन. मी त्याला अंगणातच कपडे काढायला लावले होते, थंडीत, आणि बादलीने पाणी ओतलं होतं. तेव्हा ती लोकर लावणाऱ्यांना तोंडाला बांधायला फडकी दिली होती. फडकी काय उगाच देतात का मालक लोक?

मी स्पंज खिडकीत उजेडाला धरला. त्यावर बारीक चमचमत होतं. केसाहून बारीक, तुटके धागे. चहाच्या कागदाचे नाहीत, कापसाचे नाहीत. मी गॅस पेटवला आणि स्पंजची ती कड ज्योतीवर धरली. स्पंज जळला, वितळला, काळा झाला. धागे मात्र तसेच राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभही जळला नाही.

मी गॅस बंद केला आणि उभी राहिले. मला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. देवाशपथ वाटलं. तोंड उघडलं तर त्याच्या हातातून ती नळी जाणार. नळी गेली की खिशात पाकीट येणार. पाकीट आलं की पाय जाणार. आणि तोंड मिटलं तर पाय राहील, पण त्याच्या छातीत रोज थोडं थोडं काय जाऊन बसतंय ते मला दिसत होतं. आगीतून काढून फुफाट्यात घालायचा, तोही मी माझ्या हाताने?

विल्फ बाहेरून आला, कोट काढला आणि नेहमीसारखा खिडकीशी बसला. डबा उघडला.

"विल्फ, ती लोकर श्वासाबरोबर आत जाते."

"नाही गं. रसात भिजलेली असते. ओली लोकर कशी उडेल?"

"टेबलावर धागे आहेत तिचे. माझ्या मनगटात गेलेत."

"अगं चिमूटभर तर असते! आम्ही पाळी-पाळीने हातभर थर लावले तिचे, मेलो का? आणि आता कुठे ते जमतंय, एनिड. पहिल्यांदा जमतंय. ऑपरेशन होईपर्यंत तरी गप्प बस. पाया पडतो."

मी कधी त्याला असं विनवताना ऐकलं नव्हतं. मलाही गप्प बसायचं होतं हो. पण मी स्पंज सिंकमध्ये टाकला आणि म्हणाले,

"उठ त्या खुर्चीतून."

"काय?"

"तुझ्या बापाचीही माती ओलीच असायची. चाकावर गिळगिळीत ओली. वाळल्यावर उडाली. उठ त्या खुर्चीतून, विल्फ. किंवा मग सवय करून घे तिची. रात्री कशी बसायची ते तू पाहिलंयस, मीही पाहिलंय."

त्याने खुर्चीच्या हातांकडे पाहिलं. ईलायच्या मुठींनी ते हात पुढच्या बाजूला गुळगुळीत झालेत, लाकडाचा रंगच उडालाय तिथे. विल्फच्या मुठी नेमक्या तिथेच होत्या. तो हळूहळू उठला. नळीचं टोपण काढलं, आत पाहिलं, आणि म्हणाला, "मी सगळ्यांना वाटली गं."

त्याला स्वतःच्या आधी तेच आठवलं. म्हणून तर मी इतकी वर्षं त्याचे मोजे धुतलेत.

त्या संध्याकाळी मीही त्याच्याबरोबर क्लबात गेले. लंगडत तो त्याच टेबलाशी गेला, जिथे टाळ्या पडल्या होत्या. बारवाल्या बाईकडून बियरचा मोठा ग्लास पाण्याने भरून घेतला आणि मधोमध ठेवला.

"माझी लोकर परत द्या," तो म्हणाला. "टोपणासकट यात टाका. वाळू देऊ नका, झटकू नका."

"का रे बाबा, पेटंट घेतोस की काय?" कुणीतरी म्हणालं. हसले सगळे.

"धूळ आहे ती," विल्फ म्हणाला. "मी तुम्हाला धूळ वाटली. मी, ईलाय मेचिनचा मुलगा."

हसणं थांबलं. त्या टेबलाशी असा एकही नव्हता ज्याच्या घरात कुणीतरी बसून झोपलेलं नव्हतं. आणि तरी लाल होऊन पांढरी होणारी ती चिमूट बघून आम्ही सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या होत्या. आग आम्हाला कळते, याचा केवढा तो गर्व! एकेकाने खिशातून नळी काढली आणि टोपण ग्लासात सोडलं. हेडली मात्र नळी मुठीत धरून बसून राहिला.

"माझं हिच्यावर सुटलंय, विल्फ. घरी गेल्यावर मासे आणि मी, दुसरं आहे कोण? मी पत्करतो धोका. माझी छाती, माझी मर्जी."

विल्फ त्याच्या शेजारी बसला. मग हेडली म्हणाला, "तुझं सुटलं का, हिच्याशिवाय?"

"नाही. आत्ता इथून उठून दुकानात जावंसं वाटतंय. पाय गेला खड्ड्यात."

"मग?"

"मग तू टाक आधी, म्हणजे मला परत मागायची लाज वाटेल."

हेडलीने एक शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही. आणि टोपण ग्लासात टाकलं.

चौथ्या दिवशी मला विल्फ कोळशाच्या खोलीमागे सापडला. उलट्या बादलीवर बसलेला, बोटांत सिगरेट, पेटवलेली नाही, काडेपेटी मांडीवर. ऑपरेशनला आठवडा राहिला होता. मला वाटलं होतं मी कडाडून भांडेन. पण त्याने काडी अजून ओढली नव्हती, आणि अशा माणसाशी काय भांडायचं? मी आत गेले. पातेल्यात उकळलेले चहाचे कागद, कात्री, माझी क्रोशाची सुई आणि टोपणं घेऊन आले, दुसरी बादली पालथी घातली आणि त्याच्या शेजारी बसले.

"पाच मिनिटांत करपतं ते," तो म्हणाला.

"मग पाच मिनिटांनी दुसरं देईन."

"आणि ते करपलं की?"

"विल्फ मेचिन, मी आख्खा जन्म कपांच्या कडा पुसल्यात. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. मला कधी कंटाळा आलेला पाहिलास?"

मी कागद कापला, गुंडाळला, सुईने टोपणात सारला, रस सोडला, त्याच्या हातात दिला. त्याने सिगरेट खाली ठेवली. झुरके घेतले, तोंड वाकडं केलं, टोपण परत दिलं. तोवर दुसरं तयार होतं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे बसलो. ती सिगरेट दवाने भिजून फुगली.

पुढचा आठवडा असाच गेला. जेवताना ताटाशेजारी टोपणं, ओटची धिरडी उलथता उलथता एका हाताने टोपणं, टीव्ही बघताना टोपणं. चहाला घरात पिशवी म्हणून उरली नाही. गेनर आली तर तिलाही बसवलं कामाला. हेडली रोज सकाळी येऊन आपल्या वाटणीची घेऊन जायचा आणि जाताना म्हणायचा, "राणी, माझी जरा घट्ट भर हं." बोटांची पेरं पाण्याने पांढरी पडली, कारखान्यात असताना पडायची तशी. सांगायला लाज नाही, मला बरं वाटत होतं.

ऑपरेशनच्या सकाळी विल्फने यंत्रात फुंकर मारली. डॉक्टरणीने आकडा बघितला आणि नुसती मान डोलावली. विल्फने मग तिला भट्टीच्या लोकरीचं सगळं सांगितलं, स्वतःहून. तिने आधी ऐकून घेतलं, मग रागावली, मग छातीचा फोटो काढायला लावला. फोटोत काही दिसत नव्हतं.

"म्हणजे काही नाही ना?" मी विचारलं.

"आज दिसत नाही, इतकंच. हे मला वीस वर्षांनी विचारा."

"तेव्हा मी नव्वदीला टेकलेला असेन," विल्फ म्हणाला. "विचारायला नक्की येतो, दोन्ही पायांनी."

जे आत गेलं ते गेलं. ते पुसायला माझा स्पंज पोचत नाही. तेव्हाही मला हे कळत होतं, आजही कळतं. अजून कधी तो रात्री खोकला की मी जागी होते आणि पुढचा श्वास नीट येईपर्यंत पडून राहते.

पण त्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात गेले तेव्हा तो गुंगीत होता. नळ्या, पट्ट्या, चेहरा कागदासारखा. नर्स म्हणाली, "सगळं ठीक झालंय, बसा." मी खुर्ची पायथ्याशी ओढली. थोडा वेळ धीर झाला नाही. मग पांघरुणाखाली हात घातला आणि डावं पाऊल चाचपलं.

गरम होतं. अंगठा, टाच, बोटं, सगळं. नुकतंच भट्टीतून काढलेलं भांडं हातात घ्यावं तसं गरम.

मी दोन्ही हातांनी ते पाऊल धरून ठेवलं. विल्फने डोळे न उघडताच पाय आखडून घेतला.

"शी गं बाई," तो पुटपुटला, "हात किती गार तुझे!"